नियमात बाळ आहे, बाळंतीण नाही

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त आणि मा. निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

परवा एका चौकात मतदार जागृतीचा फलक पाहिला. त्यावर मी आहे. डाव्या तर्जनीवर शाई, उजव्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं अकरा दिवसांचं बाळ, आणि चेहऱ्यावर हसू म्हणता येईल असं काहीतरी. खाली लिहिलंय की बाळंतीण असूनही या ताईंनी कर्तव्य चुकवलं नाही, मग तुम्ही का चुकवता? फोटो जुना आहे, २० मे २०२४ चा, लोकसभेच्या पाचव्या टप्प्याचा. तेव्हा काढताना कुणी विचारलं नव्हतं, आता लावतानाही नाही. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पण त्या 'असूनही' या शब्दापाशी मी अडले, आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले.

मी शाळेत शिकवते. नवराही शिक्षक. त्यामुळे निवडणूक आमच्या घरात दोन्ही दारांनी येते, मतदार म्हणून आणि कामगिरीवरचे कर्मचारी म्हणून. त्या वर्षी त्याला मतदान अधिकाऱ्याची ऑर्डर आली. मला येण्याचा प्रश्नच नव्हता. गरोदरपणाचे शेवटचे महिने, बाळंतपणाची रजा किंवा अंगावर पिणारं मूल, यांपैकी काहीही असलं तरी महिला कर्मचाऱ्याला निवडणुकीच्या कामातून सूट द्यावी, असं तुमच्याच सूचनांमध्ये आहे. ती सूचना ज्याने लिहिली त्याला दंडवत. बाळंतीण बाई दिवसभर मतदान केंद्रावर बसू शकत नाही, हे आयोगाला नीट कळतं.

फक्त ती टेबलाच्या पलीकडे बसणार असेल तरच. अलीकडे मतदार म्हणून उभी राहिली, की हे कळणं थांबतं.

माझं सिझर ९ मेला झालं. विसाव्या तारखेला पोटावर पट्टा होता, टाक्यांच्या जागी उठता-बसता कळ येत होती. अंगावरून जात होतं, ते चार-सहा आठवडे जातंच. बाळ दर दोन-अडीच तासांनी पीत होतं, आणि एकदा प्यायला लागलं की पाऊण तास. म्हणजे दोन पाजण्यांच्या मधे मला जेमतेम दीड तास मिळणार. त्यात कपडे करायचे, रिक्षात बसायचं (प्रत्येक गतिरोधकाला हाताने पोट धरून), रांग, मतदान, परत. आदल्या रात्री मी हा हिशेब मुलांना काळ-काम-वेगाची गणितं घालतो तसा कागदावर मांडला होता. उत्तर येत नव्हतं.

बाळाला घरी आईपाशी ठेवून जावं, असं मला वाटत होतं. गर्दीत नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मे महिन्याचं ऊन होतं. पण शेजारपाजारच्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला : "बाळाला घेऊन जा, लवकर सोडतात." एकट्या बाईला कोण सोडणार? बघणाऱ्याला ती धडधाकटच दिसते. ढगळ कुडत्याखालचे टाके कुणाला दिसतात?

म्हणून मी बाळाला घेऊन गेले. महोदय, या पत्रातलं मला सर्वांत बोचणारं वाक्य हेच आहे. अकरा दिवसांच्या मुलीला मी ओळखपत्रासारखी घेऊन गेले.

केंद्रावर बायकांच्या रांगेत तीस-चाळीसजणी होत्या. दारावरच्या होमगार्डला विचारलं, तो म्हणाला, आत विचारा. आत जायचं तर रांगेतून. कुणीतरी आतून विचारून आलं, तर निरोप मिळाला की सगळ्याच बायका पोरं घेऊन आल्यात, कुणाकुणाला सोडायचं? तेही खरंच होतं, पाचसहा वर्षांची पोरं तिथे पकडापकडी खेळत होती. व्हरांड्यात चाकांची खुर्ची होती. ती दिव्यांगांसाठी आहे, असं मला समजावून सांगण्यात आलं. शेवटी रांगेतल्या बायकांनीच मला पुढे ढकललं. "अगं ओली बाळंतीण आहे ती, जाऊ दे तिला," असं एक आजी मागून ओरडल्या आणि रांग दुभंगली. तोवर पाऊण तास गेला होता. मधेच दुसऱ्या कुणाचं तरी बाळ रडलं आणि मला पान्हा फुटला. पुढचं सांगत नाही. ज्या बायका हे वाचतील त्यांना कळेल, आणि तुमच्यापैकी ज्यांना कळणार नाही त्यांनी घरी विचारावं.

मुलगीही उठली होती. पाजायला जागा विचारली. एका वर्गाच्या दाराला 'हिरकणी कक्ष' असा कागद होता, आत रिकामे खोके आणि कुणाकुणाचे डबे होते. शेवटी रिक्षात पाजलं, ओढणीच्या आडोशाने. त्याआधी ती फोटोची गंमत झाली. "मॅडम, बाळाचा चेहरा जरा इकडे."

प्रत्यक्ष मतदानाला किती वेळ लागला? एक बटण, आणि व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी दिसते ते सात सेकंद.

केंद्राध्यक्षांच्या हस्तपुस्तिकेची एक प्रत तेव्हा आमच्या घरी होती, नवऱ्याला प्रशिक्षणात मिळालेली. पुढच्या रात्री बाळाला पाजताना मी ती वाचून काढली. रात्री अडीच वाजता माणूस काहीही वाचतो. त्यात स्पष्ट आहे की अशक्त मतदार आणि तान्हं मूल घेतलेल्या स्त्रिया यांना रांगेत इतरांच्या आधी सोडता येईल. 'येईल'. 'सोडावं' असं नाही. मराठी शिकवते म्हणून सांगते, या एका क्रियापदावर अख्खा पाऊण तास उभा होता. केंद्राध्यक्षांना दोष देत नाही. पहाटेपासून यंत्र, मतदार यादी, पोलिंग एजंट, दर दोन तासांची आकडेवारी, यांच्यात तो माणूस पिळून निघतो, निवडणुकीच्या संध्याकाळी घरी बघते मी तो चेहरा. त्याच्यापुढे 'येईल' ठेवलं तर तो आहे तसंच चालू देणार.

पण खरी गोम क्रियापदात नाही, कर्त्यात आहे. सवलत आहे ती मूल 'घेतलेल्या' बाईला. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतही मतदान केंद्रात कुणाला येऊ द्यायचं त्या यादीत मतदाराबरोबरचं तान्हं मूल आहे. सगळीकडे बाळ आहे. बाळंतीण कुठेच नाही. म्हणजे आईने शहाणपणा करून बाळाला उन्हातान्हात नेलं नाही, तर तिची सवलत गेली.

आणि जिचं बाळ काचेच्या पेटीत आहे ती? एनआयसीयूच्या बाहेर बसलेल्या बाईचे टाके माझ्यासारखेच असतात. जिचं बाळ राहिलंच नाही, तिचे काय? तिचंही पोट चिरलेलं आहे, तिलाही दूध येतं. तिने रांगेत काय दाखवायचं?

तेच १९६१ साल आपल्याला आणखी एक कायदा देऊन गेलं, मातृत्व लाभ कायदा. बाळंतपण किंवा गर्भपात झाल्यापासून सहा आठवडे त्या बाईला कुठल्याही मालकाने जाणूनबुजून कामाला लावायचं नाही, असं त्यात होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे सहा आठवडे तसेच ठेवले. लक्षात घ्या, तिथे अट बाळाची नाही. बाळ जगलं का, बरोबर आणलं का, कुणी विचारत नाही. शरीर भरून यायला सहा आठवडे लागतात एवढं धरून कायदा पुढे जातो. हेच शहाणपण मतदानाच्या नियमांत यायला काय हरकत आहे?

त्यासाठी नवा कायदाही नको. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६० (क) मध्ये आयोगाला सरकारशी सल्लामसलत करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करता येतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये तुमच्या शिफारशीवरून सरकारने नियम बदलले आणि 'अनुपस्थित मतदार' हा प्रकार आला. त्यात ऐंशीच्या वरचे ज्येष्ठ आले, दिव्यांग आले, अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी आले. २०२० साली करोनाचे रुग्ण आणि संशयित आले. मार्च २०२४ मध्ये वयाची अट पंच्याऐंशीवर गेली, आणि त्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशीच्या वरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले मतदार पहिल्यांदा देशभर घरी बसून मत देऊ शकले. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांकडे पथक आलं तेव्हा मी नववा महिना घेऊन गॅलरीतून बघत होते. दोन अधिकारी, पोलीस, कॅमेरावाला, पुठ्ठ्याचा आडोसा. आजोबांनी नवा सदरा घातला होता. फार बरं वाटलं होतं मला ते बघून.

यांतला करोनाचा दाखला मला महत्त्वाचा वाटतो. म्हातारपण जात नाही, अपंगत्व बहुधा जात नाही. करोना काही आठवड्यांत बरा व्हायचा. म्हणजे तात्पुरत्या अवस्थेसाठीही ही सोय करता येते, आणि ती तुम्ही केलीत. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्या माणसालाही टपाली मतपत्रिका मिळते. आमच्या घरात तर नवऱ्याने माझ्या कितीतरी आधी, प्रशिक्षणाच्या ठिकाणीच टपाली मत देऊन टाकलं होतं. एका घरातली दोन मतं. कामावर जाणाऱ्याचं मत कागदावर बसल्याजागी झालं, आणि अंथरुणावरून उठता येत नव्हतं तिला केंद्रावर जावं लागलं.

"अशा बायका असून असून किती असणार?" असं कुणी म्हणेल. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. दोनच कोटी धरा. बावन्न आठवड्यांनी भागून सहाने गुणलं तर तेवीस लाख. म्हणजे कुठलाही एक दिवस घ्या, त्या दिवशी साधारण तेवीस लाख बायका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सिझरचं प्रमाण २१.५ टक्के आहे, म्हणजे दर पाचांत एकीहून थोडं जास्तच. तुलनेला, २०२४ च्या निवडणुकीआधी तुम्हीच सांगितलेला पंच्याऐंशीच्या वरच्या मतदारांचा आकडा ब्याऐंशी लाखांच्या घरात होता. ब्याऐंशी लाखांची दारं ठोठावायची तयारी ज्यांनी केली, त्यांना तेवीस लाख जड जाऊ नयेत. त्यातल्या सगळ्या काही घरी मत मागणार नाहीत.

आता अडचण. नुसतं 'बाळंतीण' हा शब्द यादीत घातला तर काम होणार नाही. घरून मतदानासाठी १२ डी नमुन्यातला अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. आमच्या टप्प्याची अधिसूचना २६ एप्रिलला निघाली होती. म्हणजे मुदत १ मेच्या आसपास संपली. माझी मुलगी जन्मली ९ मेला! पंच्याऐंशी वर्षं अचानक पूर्ण होत नाहीत, बाळंतपण मात्र पंचांग बघून येत नाही. म्हणून अर्ज बाळाच्या जन्मावर नको, अपेक्षित तारखेवर हवा. मतदानाच्या आधीच्या सहा आठवड्यांत किंवा नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत जिची तारीख येते, तिला अर्ज करता यावा. पुरावा प्रत्येकीच्या पिशवीत असतो, माता व बाल संरक्षण कार्ड. त्यावर डॉक्टरांनी किंवा नर्सबाईंनी तारीख लिहिलेलीच असते.

आणि हे गोळा कोण करणार, हा प्रश्न तर फारच सोपा आहे. कित्येक ठिकाणी बीएलओ, म्हणजे केंद्रापुरती मतदार यादी सांभाळणारी अधिकारी, ही अंगणवाडी सेविकाच असते. तीच गरोदर बायकांची नोंद ठेवते, तीच मतदार यादी घेऊन घरोघर फिरते. एकाच पिशवीत दोन वह्या आहेत. आजवर कुणी तिला त्या शेजारी शेजारी उघडायला सांगितलं नाही, एवढंच. (तिच्या मानधनाचा विषय इथे काढत नाही. पण काढायला हवा.)

माझ्या स्वतःच्या मागणीवर माझाच एक आक्षेप आहे, आणि तो लपवला तर हे पत्र खोटं ठरेल. घरी मत देणं म्हणजे घरच्यांसमोर मत देणं. म्हाताऱ्या आजोबांच्या घरात आडोसा धरला की काम भागतं. पण बाळंतिणीची खोली ही घरातली सर्वांत कमी खासगी जागा असते. सासू, नणंद, बघायला आलेले पाहुणे, सगळे आतबाहेर. "आपल्याला अमक्यालाच द्यायचंय" हे तिला तिथल्या तिथे ऐकवता येतं. शाळेतला तो लोखंडी टेबलावरचा पुठ्ठा कितीही गचाळ असो, अनेक बायकांच्या आयुष्यात तो एकटा असा कोपरा आहे, जिथे मागे कुणी उभं नसतं. तो काढून घेऊन मला सोय नको आहे. उद्या अशीही घरं निघतील की "तुझं घरीच होतंय की, कशाला बाहेर" म्हणून हिंडत्याफिरत्या बाईचाही अर्ज परस्पर भरून टाकतील, आणि एकदा यादीत टपाली मताची खूण झाली की तिला केंद्रावर जाताही येणार नाही.

म्हणून अर्जावर सही तिची असावी आणि ती सेविकेने तिला एकटीला विचारून घ्यावी. पथकात एक बाई असलीच पाहिजे, आणि मत देताना खोलीत बाळाशिवाय दुसरं कुणी नको. हे कठीण नाही. अंग शेकायच्या वेळी सगळ्यांना बाहेर घालवतातच.

जी केंद्रावर येईल तिच्यासाठी आणखी थोडं सांगते. 'येईल'चं 'सोडावं' करा. बाळ बरोबर असो वा नसो, बाळंतपणाला सहा आठवडे झालेले नाहीत असं ती सांगेल ते मान्य करा. खोटं बोलून रांग मोडणाऱ्या दोनचार निघतील, निघू द्या. खुर्ची तिलाही द्या. हिरकणी कक्षाच्या दाराला कागद लावल्यावर खोलीचा फोटो मागवत जा, आतल्या बाजूचा.

माहेरी गेलेल्यांचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आई माझ्याकडे आली म्हणून माझं मत माझ्या यादीत राहिलं. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईचं नाव सासरच्या यादीत असतं आणि ती दोनशे किलोमीटरवर असते. स्थलांतरित मतदारांसाठी एका यंत्रावर बहात्तर मतदारसंघांचं मतदान घेता येईल, असा नमुना दाखवायला तुम्ही जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं होतं. पुढे ते बारगळलं. त्या चर्चेत मजूर होते, विद्यार्थी होते. दर वर्षी ठरावीक काळासाठी, पत्ता माहीत असलेल्या घरी, कार्डावर नोंद होऊन स्थलांतर करणाऱ्या लाखो बाया कुणाला आठवल्या का? आणि ज्या त्या दिवशी प्रसूतीच्या वॉर्डातच आहेत, त्यांच्यापर्यंत दोन अधिकाऱ्यांचं पथक जाऊ शकतं की नाही, एवढं तरी बघा. दवाखाना कुठे पळून जात नाही.

२०२४ मध्ये बायकांच्या मतदानाची टक्केवारी ६५.७८ होती, पुरुषांची ६५.५५. तुमचेच आकडे. बायका उदासीन आहेत म्हणून आम्हाला फलक लावून जागं करायची गरज उरलेली नाही.

तो फलक काढा असं मी म्हणत नाही. मुलगी मोठी झाली की तिला दाखवीन. माझी मागणी एका रकान्याची आहे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष दैनंदिनी भरतात. किती पुरुष, किती स्त्रिया, किती जणांनी सोबती घेऊन मत दिलं, सगळं त्यात येतं. त्यात आणखी एक ओळ घाला : बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत मतदानाला आलेल्या किती स्त्रियांना रांगेत आधी सोडलं. नवरा म्हणतो, एवढं लिहायला केंद्राध्यक्षाला दोन मिनिटंही लागणार नाहीत, पण लिहायचं आहे म्हटल्यावर तो सकाळपासून दाराकडे बघत राहील.

आपली,
२० मे २०२४ रोजी पाऊण तास रांगेत असलेली एक मतदार

प्रत माहितीसाठी : विधी व न्याय मंत्रालय, भारत सरकार, राज्य निवडणूक आयोग, महाराष्ट्र (ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका आपण घेता आणि तिथे निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, म्हणून)